शेड-कार्डाची शेवटची घडी

इनास शेड-कार्ड उलगडतो,
पत्ते पिसून मांडावेत तसं.
बदामी, मोतिया, फिकट पिस्ता,
वेळग्यात सध्या हेच चाललंय, म्हणतो.
सुलक्षाचं बोट सगळ्यांवरून सरकत
शेवटच्या घडीवर थांबतं.
हा.

मी चष्मा लावून बघतो.
पिकून फुटलेल्या भिरंडासारखा
लाल.
आख्खी भिंत? इनास मला विचारतो.
आख्खी भिंत, ती त्याला सांगते.

मी बोलत नाही.
बावीस वर्षं टिप्पर चालवला मी,
खाणीपासून आमोण्याच्या जेटीपर्यंत
दिवसाला सात खेपा.
ह्या घरात लाल आणला तो मीच,
कॉलरीतून, कानांतून, नाकातल्या केसांतून.
आणि घर रस्त्याला लागून, म्हणून
न बोलावता आत आला तो वेगळा.

फ्रिजचा माथा, पंख्याची पाती, देवांची नाकं,
सगळं ती पुसायची, आणि चुलीवरचं दूध निवेपर्यंत
पुन्हा पहिल्यापासून.
उशीवर सकाळी
आमच्या डोक्यांचे दोन पांढरे खळगे
आणि भोवती तांबूस कड.
धाकट्याच्या बारशाला मावशीनं पांढरं झबलं आणलं,
दुपारी त्याचं पायपुसणं झालं.
सुलक्षा रडली नाही तेव्हा.
फडकं पिळलं.
बादलीत पाणी, कोऱ्या चहासारखं.

मग खाणी बंद पडल्या.
टिप्पर अंगणात उभ्या उभ्या गंजला,
म्हणजे तोही शेवटी लालच.
भंगारवाला दोन फेऱ्यांत घेऊन गेला.
रस्त्याला पहिल्यांदा काळा रंग दिसला,
फणसाला हिरवा.
सुलक्षा तरी रोज सकाळी
स्वच्छ फ्रिज पुसायची
आणि फडक्याकडे बघत राहायची,
पत्र कोरं निघावं तशी.

लालाखाली आधी राखाडी द्यावा लागतो,
इनास सांगतो,
नाहीतर चार हात मारले तरी पोट दिसतं.
दोन दिवस आमचा हॉल
उतरलेल्या तोंडानं बसून होता.
शेजारची प्रेमावती डोकावली,
सिमेंटच ठेवतेस की काय गो?

तिसऱ्या दिवशी लाल चढला.
ओला असताना भडक, पोस्टाच्या पेटीसारखा,
दुपारपर्यंत खोल गेला.
प्रेमावतीनं दारातूनच दिशा मोजली,
आग्नेयेला असता तर चाललं असतं,
ही भिंत पडली पश्चिमेची.
धाकटा पर्वरीहून, मोबाईलच्या पडद्यात,
आई, हे रेस्टॉरंट वाटतंय!
मग जेवायला ये, सुलक्षा म्हणाली
आणि फोन माझ्या हातात दिला.

रात्री दिवा लावला
तर छत गुलाबी,
काचेच्या कपाटातल्या पांढऱ्या बशा गुलाबी,
तिचा एक गाल.
मला धसकाच बसला.
म्हटलं, जन्मभर हाच पुसलास ना गं?

ती भिंतीजवळ उभी होती.
तो आला होता, म्हणाली.
हा मी आणला.

मग वाळलेल्या भिंतीवरून
बोट ओढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि दिव्याखाली धरून पाहिलं.
काही लागलं नव्हतं.
तरी दुसरं बोट ओढलं.

डब्यात अर्धा लिटर उरला.
नेतो मी, इनास म्हणाला,
कुणाच्या तरी दाराला होईल.
तिनं वरवंट्यानं झाकण ठोकून बसवलं
आणि डबा जिन्याखाली सारला.

काल परसात गेलो
तर मोरीजवळच्या स्टुलाचा
एक पाय लाल.
एकच.
मी वाकलो तोच
आतून आवाज आला,
ओला आहे, हात लावू नका.